नीट द्यायची असेल तर अकरावीचं कॉलेज कटऑफ बघून निवडू नका

दहावीला ९४-९५ टक्के मिळालेले असतात, डॉक्टर व्हायचं पक्कं असतं, आणि घरात गेल्या वर्षीच्या कटऑफची यादी फिरत असते. ज्याचा कटऑफ जास्त ते कॉलेज चांगलं, असा सरळ हिशेब. इंजिनिअरिंगची पदवी घेताना या हिशेबात थोडंफार तथ्य असेल. अकरावीला आणि नीटला मात्र तो कुठेच लागू पडत नाही. एमबीबीएसचा प्रवेश नीट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो. अकरावी-बारावी कुठून केली याला एकही गुण नाही, आणि बारावीच्या टक्क्यांना पात्रतेच्या रेषेपलीकडे किंमत नाही. कटऑफवरून एवढंच कळतं की गेल्या वर्षी तिथे दहावीला किती गुण मिळवलेली मुलं गेली. तिथे फिजिक्स कोण शिकवतं, अकरावीचा अभ्यासक्रम पुरा होतो का, मूल घरी किती वाजता पोचतं, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं.

ज्युनिअर कॉलेज तुमच्या बाबतीत दोनच गोष्टी करू शकतं. कागदोपत्री नुकसान करू शकतं किंवा टाळू शकतं. दिवसातले तास खाऊ शकतं किंवा वाचवू शकतं. निवड या दोन कसोट्यांवर करायची. नाव तिसऱ्या क्रमांकावर आलं तरी चालेल.

आधी राज्य, मग कॉलेज

सगळ्यात महाग चूक इथे होते, म्हणून हे आधी. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या, उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या. राज्यातल्या खासगी महाविद्यालयांतही ८५ टक्के जागा राज्यातल्याच मुलांसाठी. या जागांसाठी नुसता अधिवासाचा दाखला पुरत नाही. दहावी आणि बारावी, दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून दिलेल्या असाव्या लागतात. बोर्ड कोणतंही चालतं, राज्य मंडळ किंवा सीबीएसई. संस्था महाराष्ट्रात हवी.

आता राजस्थानातलं कोटा शहर घ्या. कोट्याला जाऊन शिकणं वेगळं आणि राजस्थानातल्या शाळेतून बारावी देणं वेगळं, हा फरक प्रवेश घेताना कुणी समजावून सांगत नाही. क्लासवाले ‘शाळेचं आम्ही बघतो’ म्हणतात आणि मुलाचं नाव तिथल्याच एखाद्या शाळेत घालतात. दोन वर्षांनी नीटला चांगले गुण पडतात आणि तेव्हा कळतं, की महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत नाव लागणार नाही. राजस्थानात दोन वर्षं काढली म्हणून तिथला अधिवासही मिळत नाही. हाती उरतो अखिल भारतीय कोटा, एम्ससारख्या केंद्रीय संस्था आणि भरमसाट फीची अभिमत विद्यापीठं. घरचं गेलं आणि दारचंही नाही.

कोट्याचं नाव मोठं म्हणून ते तरी चर्चेत असतं. पण नांदेड-सोलापूरकडची मुलं हैदराबादला जातात, चंदगडची बेळगावला, दोडामार्गची गोव्यात. बेळगाव-गोव्याची बस तर तासाभराची असते, म्हणून हे परराज्य वाटतच नाही. नियमाला अंतर कळत नाही.

उलट बाजूही आहे. बंगळुरू किंवा आखातातून परत येणारी मराठी कुटुंबं समजतात की बारावी इथून केली की झालं. दहावी बाहेरची असेल तर तीही आड येते. केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीतल्या, बदली होणाऱ्या पालकांच्या मुलांना, सैन्यातल्या कुटुंबांना काही सवलती आहेत, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठीभाषक मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. आपण त्यात बसतो का, हे राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतून शब्दशः वाचून ठरवा. शेजाऱ्याच्या मुलाला मिळालं होतं, हा पुरावा नव्हे.

इंटिग्रेटेड म्हणजे नक्की काय, ते विचारा

‘इंटिग्रेटेड’ या एका पाटीखाली दोन अगदी वेगळ्या व्यवस्था चालतात. पहिलीत क्लास कॉलेजच्याच इमारतीत बसतो. मूल सकाळी जातं, थिअरी क्लासचे शिक्षक घेतात, प्रयोगशाळा कॉलेजची असते, हजेरी खरी असते. दुसरीत मूल पुण्यात क्लासला बसतं आणि पटावर त्याचं नाव ऐंशी-शंभर किलोमीटरवरच्या एखाद्या छोट्या कॉलेजात असतं. तिथे ते वर्षातून दोनदा जातं, फोटोला आणि प्रॅक्टिकलला.

पहिल्या प्रकारात तास वाचतात हे खरं आहे. दुसऱ्यातही वाचतात, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. राज्य मंडळात ७५ टक्के हजेरी लागते, सीबीएसईतही तेवढीच. २०१८ मध्ये राज्य सरकारने मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली ती याच प्रकारामुळे. सीबीएसई अशा डमी, म्हणजे नुसतं पटावर नाव ठेवणाऱ्या, शाळांची अचानक तपासणी करते आणि संलग्नता काढून घेते. संलग्नता गेली की बारावीच्या मधोमध मुलांना दुसरी शाळा शोधावी लागते.

त्यापेक्षा जास्त वेळा होणारी गोष्ट साधी असते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या प्रत्येक विषयात ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. प्रात्यक्षिकं जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत होतात. वर्षभर प्रयोगशाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलाला तीन विषयांची जर्नलं डिसेंबरात आठवडाभर बसून उतरवून काढावी लागतात, सह्या मिळवायला तालुक्याच्या गावी फेऱ्या माराव्या लागतात, आणि बोर्डाचं परीक्षा केंद्र तिथलंच आलं की फेब्रुवारीत लॉजवर राहावं लागतं. नीटच्या तयारीतला हा सगळ्यात महागडा काळ.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न असे. पटावर नाव कोणत्या कॉलेजात असेल? त्याचा यूडायस (सरकारी नोंदीतला) क्रमांक काय? बारावीचं परीक्षा केंद्र कुठे येतं? प्रॅक्टिकल आठवड्यातून किती आणि कोण घेतं? कॉलेजची पावती आणि क्लासची पावती वेगवेगळी मिळेल ना? शाळा सोडल्याचा मूळ दाखला ज्युनिअर कॉलेजात जमा होतो, क्लासकडे नव्हे. क्लासला झेरॉक्स पुरते. मूळ मार्कशीट किंवा दाखला क्लासने ठेवून घेतला तर ते फीच्या वसुलीचं हत्यार असतं, दुसरं काही नाही.

फीबद्दल एक माहिती खिशात ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, वसतिगृह आणि मेसचे पैसेही त्याच हिशेबाने द्यावेत, असं त्यात आहे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, हेही आहे. या सूचना आहेत. अंमलबजावणी राज्याच्या हाती. तरीही दोन वर्षांची फी एकरकमी भरली तर ‘इतके हजार सवलत’ म्हणणाऱ्याला हप्त्यांचं वेळापत्रक लेखी मागण्यासाठी हा आधार चांगला आहे. सवलत सोडा आणि हप्ते घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

तासांचा हिशेब

कागद-पेन घेऊन बसा. घरापासून कॉलेज, कॉलेजपासून क्लास, क्लासपासून घर. बदलापूरहून माटुंग्याला जाणारं मूल लोकलमध्ये रोज सहज अडीच-तीन तास घालवतं. बसायला जागा मिळत नाही, त्यामुळे ‘प्रवासात वाचेल’ हे विसरा. रोज दोन तास जास्तीचे धरले आणि वर्षाचे १५० दिवस धरले तर ३०० तास होतात, दोन वर्षांत ६००. एवढ्या तासांत एनसीईआरटीची (सीबीएसईला असतात ती) बायोलॉजीची दोन्ही पुस्तकं कितीतरी वेळा ओळ न् ओळ वाचून होतात. रुईया, फर्ग्युसन, स. प. ही कॉलेजं उत्तमच आहेत, वाद नाही. घर दादरला किंवा डेक्कनला असेल तर जरूर घ्या. नुसत्या नावासाठी अंगावर तीन तासांचा प्रवास घेऊ नका.

वेळापत्रक कॉलेजच्या वेबसाइटवर नसतं. नोटीस बोर्डावर असतं, किंवा तिथे बारावीला असलेल्या मुलांकडे असतं. सकाळचं सत्र असेल तर दुपारपासून दिवस मोकळा मिळतो. दुपारच्या सत्रात दिवसाचे दोन तुकडे होतात आणि क्लास रात्री आठपर्यंत जातो. प्रॅक्टिकलच्या बॅचेस थिअरीला लागून आहेत, की मध्ये दोन तासांची पोकळी आहे, हेही बघा. अशी पोकळी कॅन्टीनमध्ये जाते.

आणखी एक विचारा: बारावीचा अभ्यासक्रम कधी संपतो आणि पूर्वपरीक्षा कधी? राज्य मंडळाची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि विज्ञान शाखेचे मुख्य विषय मार्चच्या पूर्वार्धापर्यंत आटोपतात. नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी. म्हणजे बोर्डानंतर हातात निदान सहा-सात आठवडे. सीबीएसईची परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत लांबते, तिथे हा काळ आणखी आखडतो. ज्या कॉलेजात जानेवारीतही धडे शिकवणं चालू असतं तिथलं मूल मार्चमध्ये नीटची उजळणी करत नाही, राहिलेलं शिकत असतं.

पुस्तकांचा क्रम: इथे हुशार मुलंही अडखळतात

हे फारसं कुणी सांगत नाही. राज्य मंडळाची अकरावीची पुस्तकं २०१९ मध्ये बदलली, बारावीची २०२० मध्ये. विषय बहुतेक एनसीईआरटीचेच आहेत, पण कोणता धडा कोणत्या वर्षी हे वेगळं आहे. क्लास चालतो एनसीईआरटीच्या क्रमाने, कॉलेज बालभारतीच्या, म्हणजे राज्य मंडळाच्या पुस्तकांच्या.

फिजिक्स बघा. रोटेशनल डायनॅमिक्स, द्रवांचे गुणधर्म, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे सगळं एनसीईआरटीत अकरावीला आहे. राज्य मंडळात बारावीला. उलट रे ऑप्टिक्स एनसीईआरटीत बारावीला, राज्य मंडळात अकरावीला. केमिस्ट्रीत आयनिक इक्विलिब्रियम आणि थर्मोडायनॅमिक्स राज्य मंडळाने बारावीला ठेवलंय, एनसीईआरटीने अकरावीला. बायोलॉजीत रक्ताभिसरण आणि चेतासंस्था राज्य मंडळात बारावीची, एनसीईआरटीत अकरावीची.

याचा परिणाम काय होतो? सप्टेंबरात मूल क्लासमध्ये रोटेशन शिकतं आणि कॉलेजच्या चाचणीत ऑप्टिक्स येतं, जे क्लास अजून वर्षभर शिकवणार नाही. चाचणीत गुण कमी पडतात, घरी बोलणी बसतात, मूल दोन दगडांवर पाय ठेवून दोन्हीकडे अर्धवट राहतं. अकरावीचे कॉलेजचे गुण एमबीबीएसला कुठेच लागत नाहीत. पण राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेला अकरावीच्या अभ्यासक्रमाचे २० टक्के आणि बारावीचे ८० टक्के प्रश्न असतात, राज्य मंडळाच्या पुस्तकांवरून. बी.फार्म आणि कृषी पदव्यांसाठी तीच परीक्षा लागते. तेव्हा पर्याय म्हणून सीईटी देणार असाल तर हा क्रम पहिल्याच महिन्यात वहीत दोन रकान्यांत मांडून घ्या: धडा क्लासमध्ये कधी, कॉलेजात कधी.

दोन्ही अभ्यासक्रमांचा काठही जुळत नाही. सॉलिड स्टेट आणि पॉलिमर्स हे धडे २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमात नाहीत, पण राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात आहेत. नीटच्या भरात ते सोडून देणारी मुलं बोर्डाच्या केमिस्ट्रीत गुण घालवतात. बोर्डाला फक्त पीसीबीत, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत मिळून, ५० टक्के लागतात (मागास प्रवर्गांना ४०), मग काळजी कशाला, असं वाटेल. पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा, विचार असेल तर तिथे बारावी पहिल्याच प्रयत्नात, पीसीबीत मिळून ६० टक्के, प्रत्येक विषयात आणि इंग्रजीत ५० टक्के अशी अट आहे. आणि हुशार मुलाने ५० टक्क्यांच्या रेषेवर डुगडुगत राहावं कशाला.

सीबीएसईचं कॉलेज घेतलं की हा क्रमाचा गोंधळ मिटतो, हे खरं. पण राज्य मंडळातून दहावी केलेल्या मुलाने केवळ यासाठी बोर्ड बदलू नये. बायोलॉजीची एनसीईआरटी स्वतंत्रपणे पाठ व्हायलाच हवी, ती कोणत्याही बोर्डात बसून होते.

फिजिक्स कोण शिकवतं?

नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण: फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. २०२५ मध्ये पर्यायी प्रश्न गेले आणि वेळ १८० मिनिटांवर आला. बायोलॉजीचे ९० प्रश्न ४५-५० मिनिटांत उरकले तरच बाकीच्या ९० प्रश्नांना सव्वादोन तास मिळतात. डॉक्टर व्हायची इच्छा असलेल्या मुलांना बायोलॉजी आवडतेच. ती घरी वाचूनही होते. अडतं फिजिक्समध्ये, आणि फिजिक्स वाचून होत नाही, कुणीतरी गणितं सोडवून घ्यावी लागतात. म्हणून कॉलेज असो वा क्लास, निवडताना पहिला प्रश्न फिजिक्सच्या शिक्षकाबद्दल विचारा. नाव विचारा आणि ते शिक्षक याच शाखेत, याच बॅचला शिकवणार का ते विचारा. जाहिरातीतले चेहरे बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात शिकवत असतात. डेमो लेक्चरला न बसता साध्या मंगळवारी-बुधवारी चालू तासाला बसू देतात का बघा. नकार मिळाला तर उत्तर मिळालं.

क्लासच्या निकालाच्या फलकावर वरच्या दहा मुलांचे फोटो असतात. त्यांच्याकडे बघू नका. शाखेत किती मुलं होती आणि त्यातल्या मधल्या मुलाला किती गुण पडले, हे विचारा. सांगत नाहीत, पण विचारल्यावर समोरचा काय बोलतो त्यावरून बरंच कळतं.

गणित ठेवायचं की सोडायचं

गणितात गोडी असेल आणि आयसर (मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्था) किंवा इंजिनिअरिंग हा मनापासून दुसरा पर्याय असेल तर पीसीएमबी, म्हणजे बायोलॉजीसोबत गणितही, घ्या. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत चारही विषयांचे १५-१५ प्रश्न असतात, गणित सोडलं की तिथे चतुर्थांश पेपर हातातून जातो. ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून मात्र गणित ठेवू नका. दोन पुस्तकांचा तो विषय आठवड्याचे सहा-सात तास घेतो.

गणित सोडलं तरी फिजिक्सला लागणारं गणित सुटत नाही. लॉगरिदम, त्रिकोणमिती, व्हेक्टर, साधं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन हे पहिल्या महिन्यात पक्कं करावं लागतं. राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात मॅथेमॅटिकल मेथड्स नावाचा धडा, क्रमांक दोनचाच, त्यासाठी आहे, आणि प्रवेश लांबल्यामुळे कॉलेजात नेमका तोच धावतपळत उरकला जातो. २०२५ ला अकरावीचे वर्ग भरायला ऑगस्ट उजाडला होता. निकाल लागल्यापासून तास सुरू होईपर्यंतचे आठवडे या धड्याला द्या.

गणिताच्या जागी काय, हे कॉलेजागणिक बदलतं. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतं का? बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय, आहे का? बायफोकलचा विषय २०० गुणांचा असतो आणि दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतो. गुण चांगले मिळतात, पण त्याची स्वतंत्र फी आणि स्वतंत्र प्रॅक्टिकल असतं. ते दुपारी उशिरा असेल तर नको.

लातूर, नांदेड की घर

लातूरला राजर्षी शाहू आणि दयानंद ही कॉलेजं, आजूबाजूला पसरलेला ट्यूशन एरिया. नांदेडला क्लासेसची अशीच वस्ती. इथलं खरं बळ अंतरात आहे. खोली, मेस, क्लास, अभ्यासिका सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांवर. प्रवासाचे तास शून्य, आणि आजूबाजूला प्रत्येक जण तेच करतोय. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आणखी एक फायदा म्हणजे मराठी-इंग्रजी मिसळून समजावणारे शिक्षक. अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत उडी मारताना पहिले तीन महिने हे फार लागतं. (नीटचा पेपर मराठीत मागता येतो, प्रश्नपत्रिका द्विभाषिक मिळते, पण अकरावीपासून सगळा अभ्यास इंग्रजी संज्ञांत होत असताना मराठी पेपर घेऊन मधेच नवे शब्द उलगडत बसण्यात अर्थ नाही. शंका आली तर इंग्रजी मजकूरच प्रमाण धरतात.)

तोटा एकच, पण मोठा: पंधरा-सोळा वर्षांचं मूल एकटं. घरी सांगावं लागत नाही इतकं शिस्तीचं मूल असेल, गावात फिजिक्सचा एक बरा शिक्षक आणि चांगली चाचणीमालिका असेल, तर घरी ठेवा. पाठवायचंच ठरवलं तर वसतिगृह जूनमध्ये बघून ठरवू नका. एप्रिल-मेमध्ये पाण्याची काय व्यवस्था असते ते विचारा. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि नीट मेमध्येच असते. खोलीत किती मुलं, रात्री अकरानंतर दिवे कोण बंद करतं, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेतं, हे मालकाला विचारू नका, तिथल्या मुलांना विचारा.

अर्ज भरताना

२०२५-२६ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया साऱ्या राज्याला लागू झाली. जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून ‘बघू लागतं का’ म्हणून पहिल्या क्रमांकावर नावाजलेलं कॉलेज टाकू नका; जिथे खरंच जायचंय तेच टाका. एकाच कॉलेजच्या अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्यांचे कोड, फी आणि कटऑफ वेगळे असतात. चुकीचा कोड टाकून दहापट फी भरणारे दरवर्षी निघतात. कॉलेजच्याच संस्थेच्या शाळेतून दहावी केली असेल तर १० टक्के इनहाऊस कोटा असतो, तो विसरला जातो.

आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर कॉलेजचं ऑफिस कसं आहे याला महत्त्व येतं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजमार्फत, प्राचार्यांच्या पत्रासह जिल्हा पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचे, ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. बहुतेकदा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. तो गावच्या शाळेतून काढायला महिने जातात. अकरावीतच सुरुवात करा. बारावीचा निकाल लागल्यावर या मागे लागलेल्यांचं घोंगडं भिजत पडतं आणि फेरी निघून जाते. ओबीसींनी अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढायचा असतो. ज्या कॉलेजचा कारकून हे सगळं वर्गात येऊन सांगतो, तारखा फळ्यावर लावतो, त्या कॉलेजला माझ्याकडून दोन टक्के कटऑफ माफ.

प्रवेश झाल्यावर दिवाळीपर्यंत थांबा आणि मग एकदा तपासा. अकरावीचा तोवरचा भाग क्लासमध्ये वेळेवर झालाय का? दर आठवड्याची चाचणी होते का, तिच्यातल्या चुका कुणी समजावतं का, मूल सात तास झोपतं का? दोन-तीन उत्तरं नकारार्थी असतील तर आधी क्लास बदला. तो बदलणं सोपं असतं. कॉलेज बदलायचं तर बारावीला शिक्षण विभागाच्या परवानगीचा व्याप असतो, नवं कॉलेज जागा असल्याचं पत्र मागतं, जुनं दाखला द्यायला वेळ लावतं. अकरावीचा निकाल लागल्याबरोबर, जूनआधी हे हातावेगळं केलं नाही तर बारावीचा बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ येते आणि मग जिथे आहात तिथूनच परीक्षा द्यावी लागते.